‘बोलणे’ धातूची यवतमाळ-यात्रा

आमच्या पुण्याच्या घरात क्रियापदावरून काही अनर्थ ओढवेल, असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. परंतु ओढवला खरा. एक तेरा वर्षांचा मुलगा महिना-दीड महिना आमच्या घरात जवळजवळ मुका होऊन वावरला. दिवाळीच्या सुटीत यवतमाळास आपल्या घरी गेला, तो परत आलाच नाही. आणि अखेर मार्गशीर्षात आम्हां उभयतांस वऱ्हाडची वाट धरावी लागली. त्या प्रवासाची हकीकत येथे देण्याचे कारण इतकेच की, ज्या घरांतून मुले शिक्षणासाठी परगावी आप्तांकडे पाठविली जातात, आणि ज्या घरांत ती येऊन राहतात, त्या दोन्ही घरांस तिचा थोडाफार उपयोग व्हावा.

हा मुलगा म्हणजे आमच्या थोरल्या भगिनीचा, अक्काचा, नातू. अक्का लग्न होऊन यवतमाळास गेली त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. नातवाची बुद्धी चांगली म्हणून त्याला जूनमध्ये आमच्याकडे शिकावयास पाठविले. शाळेतील पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी विचारले, “काय चालले आहे?” चिरंजीव उभे राहून उत्तरले, “अभ्यास करून राहिलो.” त्यावर मागच्या बाकावरून कोणी विचारले, “करून कोठे राहिलास?” सारा वर्ग हसला. मुलांचे हसणे ते. त्यात द्वेष नसतो, पण दयाही नसते.

येथवरचा दोष शाळेचा म्हणून आम्हांस हात झटकता आले असते. तथापि खरी गोष्ट अशी की, घरातही निराळे काही घडत नव्हते. तो जेवताना बोलला की आमच्यापैकी कोणीतरी वाक्य अर्ध्यावर अडवून शुद्ध करून देई. “पाऊस येईन” म्हटले की “येईल म्हण”, “बाबा सांगते” म्हटले की “सांगतात म्हण.” हे सारे प्रेमाने, त्याच्या हितासाठी. श्रावण सरला तेव्हा त्याची वाक्ये आखूड झाली होती. नवरात्रात तो मानेनेच होय-नाही सांगू लागला. ‘मुलगा किती शांत झाला!’ म्हणून आम्ही त्याचे कौतुकही केले. याहून अधिक आंधळेपणा तो कोणता?

आमच्याबरोबर प्रवासास निघालेली तिसरी व्यक्ती म्हणजे आमची नात. ती महाविद्यालयात शिकत असून फावल्या वेळात स्पॅनिश भाषेचे धडे घेते. तिच्या वहीत त्या भाषेतील ‘बोलणे’ या अर्थाच्या ‘आब्लार’ धातूचे भले मोठे कोष्टक आहे. हा धातू अगदी सरळ चालणारा असल्यामुळे नवशिक्यास प्रथम जे दोन-चार धातू शिकवितात, त्यांत तो हमखास असतो. मी बोलतो ‘आब्लो’, तू बोलतोस ‘आब्लास’, तो बोलतो ‘आब्ला’, आम्ही बोलतो ‘आब्लामोस’, तुम्ही बोलता ‘आब्लाइस’, ते बोलतात ‘आब्लान’. हा झाला नुसता वर्तमानकाळ. पुढे भूतकाळ, भविष्यकाळ, संकेत, इच्छा, आज्ञा अशा एकामागून एक पंक्ती मांडलेल्या. धातूचे मूळ लॅटिनमधील ‘फाबुला’ म्हणजे गोष्ट या शब्दाशी जाऊन पोहोचते. आरंभीच्या फकाराचा कालांतराने हकार झाला आणि पुढे तो हकारही मुका झाला. लिहिताना तो लिहितात, उच्चारताना मात्र गाळतात.

पुणे सोडताच पोरीने त्या कोष्टकाशेजारचे कोरे पान काढले आणि आपल्या मराठी ‘बोल’ धातूचे कोष्टक मांडावयास घेतले. हा धातूही सरळ. करणे, जाणे, येणे यांची भूतकाळात रूपे पालटतात: केले, गेला, आला. परंतु ‘बोल’ आपला सर्वत्र ‘बोल’च राहतो: बोलतो, बोलला, बोलेल, बोलावे, बोल, बोलता, बोले. आपले व्याकरणकार यांस आख्याते म्हणतात. ‘बोलतो’ हे ताख्यात, ‘बोलला’ हे लाख्यात, ‘बोलावे’ हे वाख्यात. मोरो केशव दामले, कवी केशवसुतांचे बंधू, यांनी १९११ साली आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या सर्वांची जी बारीक चिकित्सा केली आहे, ती आजही आदराने वाचावी अशी आहे. या धातूची आणखी एक गंमत आहे. ‘त्याने दोन शब्द लिहिले’ असे आपण म्हणतो. परंतु ‘त्याने दोन शब्द बोलले’ असे न म्हणता ‘तो दोन शब्द बोलला’ असे म्हणतो. लिहिणारा मागे उभा राहतो आणि क्रियापद शब्दांच्या मागे जाते. बोलणाऱ्यास मात्र क्रियापद सोडीत नाही.

दोन्ही कोष्टके शेजारी मांडताच पोरीस मौज वाटली. स्पॅनिशमध्ये एकदा घडून संपलेल्या बोलण्यास ‘आब्ले’ आणि नेहमी चालणाऱ्या पूर्वीच्या बोलण्यास ‘आब्लाबा’ अशी दोन निराळी रूपे आहेत. शिकणारास त्यांतील भेद चटकन उमगत नाही. आपल्याकडे ‘आजोबा काल बोलले’ आणि ‘आजोबा फार गोड बोलत’ यांत नेमका तोच भेद आहे, आणि लहान मूलही तो चुकत नाही. उलट स्पॅनिश क्रियापदास लिंग ठाऊक नाही. पुरुषही ‘आब्लो’ म्हणतो आणि स्त्रीही ‘आब्लो’च. मी बोलतो, मी बोलते हा आपला भेद त्या भाषेतील माणसास शिकताना नवा वाटणार.

असो. रात्रीच्या गाडीने निघून दुसऱ्या दिवशी धामणगाव स्थानकावर आम्ही उतरलो. यवतमाळास जाणारास पूर्वापार हेच मोठे स्थानक. मूर्तिजापुराहून यवतमाळापर्यंत कापसाच्या वाहतुकीसाठी एका विलायती कंपनीने अरुंद रुळांचा रस्ता घातला होता. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाची ती गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर डुलत डुलत चाले. आता ती बंद आहे. आम्ही एसटी गाठली. दोन्ही अंगांस पऱ्हाटीची शेते, बोंडे फुटून पांढरी झालेली. मधून मधून तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्याच्या ओळी. आणि दूर सागाच्या रानाची काळसर रेघ. वेचणीचे दिवस असल्यामुळे कमरेस ओटी बांधलेल्या बायकांच्या रांगा जागोजागी दिसत होत्या.

वाहकाने आमची गाठोडी पाहून विचारले, “कुठी जाऊन राहिले बाप्पा?” आमच्या नातीने कान टवकारले आणि वही उघडली. यवतमाळ येईपर्यंत त्या एका वाहनात तिला ‘बोल’ धातूचे दुसरे कोष्टक भरण्याइतका माल मिळाला. कोणी म्हणाला, “थो फोनवर बोलून राहिला.” दुसरा म्हणाला, “माहा पोरगा लय बोलते.” एक म्हातारी म्हणाली, “थो काही बोलन नाई, तूच बोलजो.” पोरीने आम्हांस वही दाखविली आणि हळूच म्हणाली, “आजोबा, ही चूक नाही. हे दुसरे कोष्टक आहे.”

त्या वाक्याने आम्ही चपापलो हे कबूल केले पाहिजे. चूक ती की जी वाटेल तशी होते; आज एक, उद्या दुसरी. परंतु येथे तर सर्वांच्या तोंडी एकच रूप आणि तेही ठरलेल्या जागी. ‘बोलेल’ याच्या अखेरचा लकार येथे नकार होतो: बोलन. ‘बोलशील’चे ‘बोलशीन’, ‘असेल’चे ‘असन’, ‘भेटेल’चे ‘भेटन’. एकही अपवाद नाही. ‘पोरगा बोलते, पोरगी बोलते’ यात वर्तमानकाळी लिंगभेद गळून पडला आहे. म्हणजे जी सोय स्पॅनिश भाषेने केली म्हणून आम्ही गाडीत वाखाणिली, तीच वऱ्हाडाने आपल्यापुरती करून घेतली आहे. पुण्याच्या घरात मात्र आम्ही तिला गावंढळपणा म्हटले होते.

‘बोलून राहिला’ याचीही हकीकत अशीच. पुणेकरास हे वाक्य अर्धवट वाटते, कारण त्याच्या कानी ‘बोलून’ म्हणजे बोलणे आटोपून. परंतु हिंदीत ‘बोल रहा है’ म्हणतात, त्यातही ‘रहना’ म्हणजे राहणेच आहे, आणि ते ऐकून कोणी ‘बोलून कोठे राहिला?’ असे विचारीत नाही. वऱ्हाड हिंदी मुलखाच्या शिवेवर वसलेले. तेथल्या मराठीने चालू क्रिया दाखविण्यासाठी शेजाऱ्याची घडण आपल्या मापाने बेतून घेतली. यात उणेपणा कसला? यवतमाळात हे रूप केवळ शेतावरच ऐकू येते असेही नव्हे. वकील, वैद्य, शिक्षक सारेच घरी ‘जाऊन राहिलो’, ‘बोलून राहिलो’ असे सहज म्हणतात.

अक्काच्या घरी आम्ही पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घर जुन्या चालीचे, ओसरी-माजघराचे. अक्काने ओवाळून आत घेतले. नातू मात्र पुढे आला नाही. दाराआडून वाकून नमस्कार केला आणि नाहीसा झाला. रात्री पानावर गोळाभात होता. वर हिंगाच्या फोडणीचे तेल. अक्का वाढता वाढता आम्हांस म्हणाली, “अरे, तुमच्याकडून आला तेव्हापासून हा पोरगा माझ्याशीसुद्धा पुस्तकासारखा बोलतो. बोलायच्या आधी थांबतो. वाक्य मनात तपासून राहिला असतो.” मग आमच्याकडे न पाहता तिने एवढेच पुस्ती जोडले, “मीही इथे आले तेव्हा सासूबाई माझ्या पुणेरीला हसत असत. पण त्या मला थांबवीत नसत.”

दुसऱ्या दिवशी भाच्याने गाव दाखविले. या जिल्ह्यास पूर्वी वणी जिल्हा म्हणत. १९०५ च्या सुमारास यवतमाळ हे नाव रूढ झाले. वणी हे लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मस्थान. यवतमाळ ही त्यांची कर्मभूमी. टिळकांचे हे अनुयायी संस्कृतातही तितक्याच अधिकाराने लिहीत, आणि त्यांच्या ‘तिलकयशोऽर्णव’ या संस्कृत ग्रंथास त्यांच्या पश्चात १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच १९७३ साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली येथे मराठी साहित्य संमेलन भरले होते. पुढे २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा भरले. त्या वेळी उद्घाटन याच जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या विधवा पत्नीने केले. कापसाच्या या मुलखात कर्ज आणि नापिकी यांनी किती घरे उघडी पडली, हे सर्वांस ठाऊकच आहे. साऱ्या महाराष्ट्राच्या साहित्यिकांनी तेव्हा एका शेतकरीण बाईचे बोलणे ऐकले. तेव्हा कोणी तिचे क्रियापद तपासावयास गेले असते, तर ते किती क्षुद्र दिसले असते!

भाचा पुढे म्हणाला, “मामा, मराठी गद्याचा आद्यग्रंथ कुठे सिद्ध झाला? आमच्याच वऱ्हाडात.” त्याचे म्हणणे खरे आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ रचिले ते आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास; आणि अलीकडे मराठी भाषेचे विद्यापीठही तेथेच स्थापन झाले आहे. ज्या भूमीत मराठी गद्याने प्रथम पाऊल टाकले, तिच्या मराठीस आज ‘अशुद्ध’ म्हणणारे आम्ही कोण? उद्धव शेळके यांची १९६० सालची ‘धग’ ही कादंबरी आमच्या कपाटात आहे. तिच्यातील वऱ्हाडी संवाद वाचून आम्ही डोळे पुसले आहेत. छापलेली वऱ्हाडी आम्हांस गोड लागली. पानावर जेवणाऱ्या पोराच्या तोंडची तेवढी खपली नाही.

तिसऱ्या दिवशी कळंबास चिंतामणीच्या दर्शनास गेलो. यवतमाळाहून नागपूरच्या रस्त्यावर हे गाव. मंदिराचे वैशिष्ट्य हे की, देवदर्शनास येथे चढून न जाता उतरून जावे लागते. पायऱ्या उतरत आपण जमिनीच्या पातळीखाली जातो, तेथे कुंड आणि गणेशमूर्ती. आमच्यापुढे एक खेडवळ बाई हात जोडून उभी होती. ती मोठ्याने म्हणाली, “पावजो रे बाप्पा, अंदा तरी पावजो.” नातीने वही काढली नाही, परंतु तिचे ओठ हलले.

हे ‘जो’ लागलेले रूप पुणेरी मराठीत नाही. ‘बोल’ म्हणजे आत्ता बोल. ‘बोलजो’ म्हणजे पुढे, वेळ आली की बोल. आज्ञा तर खरी, पण तिला काळाची मोकळीक दिलेली. म्हणून तिच्यात विनवणीही मिसळते. ‘बोलजो’ गुजरातीतही आहे आणि राजस्थानच्या बोलींतही. पंडित त्याचे मूळ प्राकृतातील विध्यर्थी रूपांत शोधतात. ज्या वाटेने व्यापारी, बैलांचे तांडे आणि सैन्ये नर्मदा उतरून खाली आली, त्याच वाटेवर हे ‘जो’ही कोठेतरी वऱ्हाडात स्थायिक झाले असावे. स्पॅनिशच्या त्या भरगच्च कोष्टकातही भविष्यातील आज्ञेसाठी वेगळे रूप नाही. आमच्या नातीने दोन्ही कोष्टकांखाली एक नवी पंक्ती आखली, आणि तिच्यात केवळ यवतमाळचाच रकाना भरला.

या जिल्ह्यात मराठीबरोबर इतरही बोली नांदतात. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूस बंजारा समाज मोठा. त्यांच्या गोरमाटीत ‘आहे’च्या जागी गुजरातीसारखा ‘छ’ येतो. केळापूर, पांढरकवडा या बाजूस गोंडी आणि कोलामी. या दोन्ही द्रविड कुळातील, म्हणजे तेलुगु-तमिळ यांच्या भावंडांतल्या. ग्रियर्सन साहेबांच्या भाषापाहणीत, १९०५ च्या खंडात वऱ्हाडी मराठीचे आणि १९०६ च्या खंडात कोलामीचे वर्णन आले आहे. पुढे एमेनो या अमेरिकेतील पंडिताने १९५५ साली कोलामीचे स्वतंत्र व्याकरण प्रसिद्ध केले. भाच्याचे थोडे शेत पांढरकवड्याकडे असून तेथील सालदार कोलाम आहे. चवथ्या दिवशी आम्ही तेथे गेलो. अक्काच्या आग्रहाने नातूही बरोबर आला. या यात्रेचे खरे फळ आम्हांस तेथे मिळावयाचे होते.

कोलामांच्या वस्तीस ‘पोड’ म्हणतात. रानाच्या कडेस कुडाची थोडी घरे, सारवलेली अंगणे, कोंबड्या, आणि एका बाजूस वाळत घातलेली ज्वारीची कणसे. म्हातारा सालदार आणि त्याची बायको आपसांत कोलामीत बोलत; आमच्याशी मराठीत. त्यांची सहा-सात वर्षांची नात खांबाआडून आम्हांस न्याहाळीत होती. पोडावर आमच्या चिरंजीवांस मोकळे वाटले असावे. तो म्हाताऱ्यास बैलांविषयी, विहिरीविषयी विचारू लागला, आणि कित्येक महिन्यांनी आम्ही त्याचे लांब वाक्य ऐकिले. तेवढ्यात रानातून मोळी घेऊन त्या पोरीची आई आली. पोरगी हर्षाने ओरडली, “माय आलं! माय आलं!”

आमचा नातू खळखळून हसला. “माय आलं काय? माय आली म्हण!”

पोरीचा चेहरा एका क्षणात उतरला. ती खांबाआड गेली. तिच्या आईने दिलेला गूळ घ्यावयासही ती बाहेर येईना. विचारले तर मान हलवी. आम्ही नातवाकडे पाहिले. तो आमच्याकडे पाहत नव्हता. खांबाकडे पाहत होता. त्याचे हसू केव्हाच मावळले होते. आपण आत्ता काय केले, आणि ते आपल्यास कोणी शिकविले, हे त्यास उमगले असावे. आम्हांस तर उमगलेच. पुण्याच्या जेवणघरातील आमचे वाक्य, तेच स्वर, तोच हितोपदेश, दीडशे कोसांवरच्या या पोडावर त्याच्या तोंडून बाहेर पडला होता.

यात पोरीची चूक तरी कोठे होती? कोलामीत क्रियापदाला दोन लिंगे. पुरुषमाणसे एका गटात. स्त्रिया, गुरे, झाडे, दगड ही बाकीची सारी सृष्टी दुसऱ्या गटात. यात बायकांचा अवमान आहे असे कोणी समजू नये. आपण नाही का जिवंत लेकरास ‘ते मूल’ म्हणून नपुंसकात घालीत? तो भाषेचा जुना संकेत असतो एवढेच. ज्या पोरीच्या घरी आई आणि पाऊस यांना क्रियापदाचा एकच प्रत्यय लागतो, तिने मराठीत ‘माय आलं’ म्हटले तर तिने आपल्या आजीचे व्याकरण बरोबर चालविले असेच म्हटले पाहिजे. हे आम्ही नातवास तेथेच, बांधावर बसून, समजावून सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे तिलेही दुसरं कोष्टक आहे.” ताईच्या वहीतील गोष्ट त्याने ऐकिली होती तर!

निघण्यापूर्वी तो खांबापाशी गेला. काय बोलला ते आम्हांस ऐकू आले नाही. परंतु थोड्या वेळाने ती पोरगी त्यास एकेक वस्तू बोटाने दाखवून तिचे कोलामी नाव सांगत होती, आणि तो ते चुकीचे उच्चारीत होता, आणि ती पोट धरून हसत होती. त्या हसण्याचे त्यास काही वाटले नाही. का वाटावे? त्यात शिकणारा तो होता, आणि शिकविणारी तिचे बोलणे तोडीत नव्हती.

म्हातारा सालदार आम्हांस म्हणाला, “आमचं बोलनं आता बुढ्यांचंच राहिलं, साहेब. पोरं शाळेत गेली का मराठीच बोलते.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता. परंतु आम्ही विचार करीत राहिलो. कोलाम पोरीस यवतमाळचा पोरगा हसतो, यवतमाळच्या पोरास पुणे हसते, आणि पुण्याचा मनुष्य विलायतेस गेला म्हणजे त्याच्या इंग्रजी उच्चारास तेथील कोणी हसतो. प्रत्येकाच्या वर एक हसणारा आहे, आणि प्रत्येकजण आपल्या वाटणीचे हसणे खालच्यास देऊन टाकतो.

याचा अर्थ प्रमाण मराठी मुलांनी शिकू नये असा कोणी घेतील तर तो आमच्यावर अन्याय होईल. ती शिकलीच पाहिजे. परीक्षेची उत्तरे, अर्ज, ग्रंथ, वृत्तपत्रे यांस एक सर्वसामान्य भाषा नसेल तर वणीचा मनुष्य आणि वेंगुर्ल्याचा मनुष्य यांची गाठच पडणार नाही. परंतु एक भाषा शिकविण्यासाठी दुसरी लाजविली पाहिजे असे थोडेच आहे? स्पॅनिशचेच उदाहरण घ्या. ‘तुम्ही बोलता’ याचे ‘आब्लाइस’ हे जे रूप नातीच्या कोष्टकात आहे, ते स्पेन देशात चालते. समुद्रापलीकडच्या अमेरिकेत रोजच्या बोलण्यात ते कोणी वापरीत नाही. अर्जेंटिनात तर ‘तू’ याचे सर्वनामच निराळे, आणि क्रियापदावरील आघातही निराळ्या अक्षरावर. तेथील माणसे हे आपले रूप घरात, व्याख्यानात, वृत्तपत्रात उजळ माथ्याने वापरतात. माद्रिदची भाषा-अकादमी १७१३ सालची, मोठ्या मानाची. परंतु २००९ साली निघालेले त्या भाषेचे नवे महाव्याकरण तिने एकटीने न करता सर्व स्पॅनिशभाषी देशांच्या अकादमींसह केले, आणि त्यात देशोदेशींची रूपे नोंदिली. एवढ्याने त्या भाषेचे काही बिघडले नाही. आपल्या मराठीस २०२४ साली अभिजात भाषेचा मान मिळाला. त्या मानात वऱ्हाडचाही वाटा आहे हे आपण घराघरांत मानले तर आपलेही काही बिघडणार नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री ओसरीवर आम्ही नातवास जवळ बसविले आणि त्याची क्षमा मागितली. वडीलधाऱ्यांनी लहानांची क्षमा मागण्याची आपल्या घरांत चाल नाही. शब्द जड गेले. आम्ही म्हणालो, “तुझी वाक्ये आम्ही तोडली, ते आमचे चुकले. यापुढे आमच्या घरात तू जसा बोलशील तसा बोल. शाळेच्या लेखनात काही अडले तर तू विचार, मग आम्ही सांगू. विचारल्यावाचून कोणी सांगणार नाही.” तो काही बोलला नाही. आम्हीही उत्तराची घाई केली नाही; गेल्या सहा महिन्यांत एवढे तरी आम्ही शिकलो होतो.

सकाळी धामणगावची एसटी सुटण्याच्या वेळी अक्का स्थानकावर आली होती. नातीच्या हातात सांडग्यांचा डबा देऊन तिने पोरीच्या तोंडावरून हात फिरविला आणि म्हणाली, “येजो बाई.” पन्नास वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या मुलीच्या तोंडून ते रूप असे निघाले की, जणू जन्मतःच ते तिच्या जिभेवर होते. मग तिने आपल्या नातवास पुढे ढकलले. त्याने आम्हां दोघांस नमस्कार केला.

आम्ही म्हणालो, “पुढल्या महिन्यात शाळेचे दुसरे सत्र अर्धे होईल. ये.”

तो क्षणभर थांबला. पण या वेळी वाक्य तपासण्यासाठी नव्हे असे आम्हांस वाटले. मग म्हणाला, “येईन, मामाआजोबा. संक्रांत झाली का येईन.”

गाडी हलली. नातीने वही उघडून दोन्ही कोष्टकांवरून बोट फिरविले आणि हसून आम्हांस दाखविले. तो येईल हे यवतमाळात ‘येईन’ होते आणि पुण्यात होत नाही; परंतु ‘मी येईन’ हे दोन्हीकडे ‘येईन’च आहे. संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी तो आला. सध्या आमच्या जेवणघरात पुष्कळ बडबड चालू असते, आणि आमचा धाकटा नातू परवा आजीस म्हणाला, “थांब ना, मी जेवून राहिलो.” कोणी काही दुरुस्त केले नाही. आजीने आणखी एक पोळी वाढली.